विजयमालावहिनी गप्प बसल्या तो शुक्रवार

साताऱ्यात बातमी पसरवायला एकेकाळी दवंडी लागायची, मग वर्तमानपत्रं आली, मग मोबाईल आले. विजयमाला कांबळेंच्या गल्लीला मात्र यातल्या कशाचीच कधी गरज पडली नाही. घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचं शिलाईचं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. माप घेताना बाई श्वास रोखून धरते आणि टेप सुटला की श्वासाबरोबर बातमीही सोडते, हा वहिनींचा आयुष्यभराचा अनुभव. दुपारी आलेली बातमी त्या संध्याकाळपर्यंत काजं-बटणं करून, इस्त्री मारून गावाला घालायला तयार ठेवत.

वाईट बोलायच्या नाहीत हो कुणाबद्दल. खरंच तेवढं बोलायच्या. लोकांना त्याचाच जास्त त्रास.

नवरा नाथाजी फौजेतून निवृत्त. उभी नोकरी सिग्नलमध्ये गेली. दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडं पोचवता पोचवता माणसाचे स्वतःचे शब्दच संपले. घरी आल्यावर त्यांनी बोलण्याचं खातं बायकोकडं सोपवलं आणि स्वतःकडं जास्वंदीला पाणी घालण्याचं ठेवलं. दोघांचं छान चाललं होतं. अडलं ते पोरीच्या लग्नात.

रेश्मा सांगलीला एका दवाखान्यात नर्स. तिथल्या चर्चच्या गायनमंडळात नाताळची गाणी बसवताना तिची आणि साईराजची ओळख झाली. पोरगा पलूसचा, साखर कारखान्यात केमिस्ट, आणि मुख्य म्हणजे कॅथलिक. आपल्याकडं कॅथलिक घरं इतकी थोडी, की स्थळ शोधायचं म्हणजे तांदळातले खडे नव्हे, खड्यातले तांदूळ निवडायचे. त्यात पोरांनी आपापलं जमवलेलं. प्रभूनंच ताटात वाढून दिल्यासारखं झालं.

पण साईराजला आई नाही. त्याला वाढवलं आत्यानं, राहीबाईनं. आणि राहीबाईनं रीतीप्रमाणे चौकशी केली. रेश्मानं फोनवर आईला निकाल सांगितला तेव्हा तिचा आवाज रडण्याच्या आणि चिडण्याच्या बरोबर मधे होता.

"आई, त्यांना माझी काही अडचण नाही."

"मग? बाबांची?"

"बाबांची कुणाला अडचण होणार? तुझी आहे. आत्या म्हणाल्या, पोरगी सोनं हाय, पण त्या आईपायी आमच्या घरातली उचकी साताऱ्याला ऐकू जाईल."

वहिनींच्या तोंडात तेव्हा टाचण्या होत्या. टाचण्या ओठात धरूनही त्या अस्खलित बोलत, ही त्यांची ख्याती. त्या दिवशी पहिल्यांदाच एक टाचणी खाली पडली.

"तरी त्या येणारेत," रेश्मा म्हणाली, "येत्या शुक्रवारी, चारला. शेवटचं बघून ठरवणार म्हणे. आई, एक दिवस. फक्त एक दिवस तू कमी बोल."

वहिनींनी मनावर घेतलं. तोंडात वेलदोडा धरून पाहिला. वेलदोडा चावला गेला आणि बोलणं नुसतं सुवासिक झालं. शेवटी नाथाजींनाच विचारलं, "आवं, तुमी गप कसं बसता?"

नाथाजींनी जास्वंदीकडं बघत विचार केला आणि म्हणाले, "बसतो."

असल्या गुरूकडून काय विद्या मिळणार! तेवढ्यात वहिनींच्या ध्यानात आलं, की येणारा शुक्रवार म्हणजे महिन्याचा पहिला शुक्रवार. चर्चमध्ये आराधना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, त्या दिवशी फादर वेदीवर एक सोनेरी पात्र ठेवतात. चारी बाजूंनी किरणं फुटलेल्या सूर्यासारखं. त्याच्या मधोमध काचेआड असते एक गोल पांढरी भाकर. मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, आशीर्वादित झालेली, एरवी वेदीमागच्या कपाटात ठेवलेली. बघणाऱ्याला भाकर, कॅथलिक माणसाच्या लेखी साक्षात प्रभू. त्याच्यासमोर बसायचं, बोलायचं नाही, मागायचंही फारसं नाही, नुसती सोबत करायची. आणि नियम एकच, पण कडक: पात्र उघडं आहे तोवर प्रभूला एकटं सोडायचं नाही. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी समोर हवंच. आपलं चर्च लहान, म्हणून एकेकाला एकेक तास. पुढचा माणूस येऊन शेजारी गुडघे टेकतो, तेव्हा आधीचा उठतो.

हे तास वाटून द्यायचे सुभेदार उदयसिंह निकम. तेही फौजीच, पण नाथाजींच्या उलट प्रकारातले. आजवर त्यांनी वहिनींना कधीही तास दिला नव्हता. वहिनींकडं कायम संध्याकाळच्या चहाचं काम.

"सुभेदारसाहेब, या खेपेला मला तास पायजे."

"वहिनी, तुमी च्या करा. च्या लय झ्याक करता."

"का? मी काय प्रभूला चावते?"

"चावत न्हाई, पण एक तास तुमी समोर बसला, तर प्रभू स्वतःहून आत जाऊन कपाट लावून घेईल."

चर्चबाहेर उभी असलेली मंडळी हसली. फादर जयराजही हसले. फादर दक्षिणेतले, मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं बोलतात ते छापून काढल्यासारखं. ते म्हणाले, "उदयसिंहजी, भगिनींना अवसर द्यावा. मौन हीसुद्धा शिकण्याचीच विद्या आहे."

मग सुभेदारांनी दोन ते तीनचा तास दिला. जेवणानंतरचा, ज्या वेळी साताऱ्यात कुत्रंही डोळे मिटून घेतं. वहिनींनंतर तीनला सुभेदार स्वतः येणार. वहिनींनी हिशेब केला: तीनला उठायचं, साडेतीनला घरी, चारला पाहुणे. खळ घालून कापड कसं कडक राहतं, तशी एक तास गप्प ठेवलेली जीभ संध्याकाळपर्यंत कडक राहील. आणि नवस बोलल्या: "प्रभू, तुझ्यासमोर आहे तोवर तोंडातून शब्द काढणार नाही. तू फक्त ती राहीबाई सांभाळ."

शुक्रवारी फादर औंधला एका आजारी म्हाताऱ्याला प्रार्थना करून पवित्र तेल लावायला गेले होते, पाचपर्यंत परतणार होते. वहिनी फोन घरी ठेवून, दोनच्या ठोक्याला पहिल्या बाकावर बसल्या. आधीच्या तासाची बाई गुडघा टेकून निघून गेली. आणि वहिनी, पांढरी भाकर आणि एक भिंतीवरचा पंखा, एवढीच मंडळी राहिली.

पहिली काही मिनिटं त्यांनी वेदीच्या कापडाची तपासणी केली. किनारीला दुमडून घातलेला हेम नीट नव्हता. कुणी घातला असेल ते टाक्यावरूनच ओळखलं, आणि सांगायला शेजारी वळल्या तर शेजारी कुणीच नाही. मग मनातल्या मनात प्रभूलाच सांगायला लागल्या. ते चालतं, मनातलं बोलणं नवसात धरत नाहीत. "ऐक, त्या बेकरीवाल्यांच्या थोरल्याचं..." आणि थांबल्या. ह्याला ते ठाऊक असणार. "बरं, मग कोपऱ्यावरच्या बाईनं भिशीत..." तेही ठाऊक. "सुभेदारांची सून..." छे! ह्यानं तर ते घडताना पाहिलेलं. एक एक करत वहिनींनी सगळा साठा वर काढला आणि एक एक करत खाली ठेवला. ज्याला सगळंच आधी कळलेलं, त्याला सांगण्यात गंमत ती काय?

साठा संपला. आयुष्यात पहिल्यांदा वहिनींचं दुकान रिकामं झालं.

मग एक विचार मात्र हळूच आत येऊन बसला. ह्याला साऱ्या साताऱ्याचं ठाऊक आहे. सांगलीचंही आणि पलूसचंही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि आजवर ह्यानं कुणाचं कुणाजवळ काढलं नाही. किती बायका इथं येऊन काय काय बोलून गेल्या असतील. भाकर आपली पांढरीच्या पांढरी.

वहिनी त्या भाकरीकडं बघत राहिल्या. हात मांडीवर, मान जराशी कललेली. पंखा फिरत होता. आपण गप्प आहोत हेही त्या विसरून गेल्या.

तीनला सुभेदार आले. हा माणूस कवायतीला कधी चुकला नाही, तेव्हा उशीर झाला असं कुणी म्हणू नये. चपला काढल्या, दारात आले आणि तिथंच थिजले. विजयमालावहिनी गप्प बसलेल्या. नुसत्या गप्प नव्हे, शांत!

आता त्यांनी काय करायला हवं होतं? आत जाऊन गुडघे टेकायचे आणि वहिनींना मोकळं करायचं. सुभेदारांनी काय केलं? पावलं न वाजवता मागं फिरले, फाटकाबाहेर गेले आणि फोन लावला. "आरं, लवकर ये. चर्चात ये. बोलू नगंस, नुसता बघ!"

हळूहळू मंडळी जमली. एकेक जण चपला काढायचा, दारातून डोकावायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि व्हरांड्यात येऊन कुजबुजायचा.

"झोपल्यात काय?"

"डोळं उघडं हाईत की."

"मग सुभेदार, तुमी आत जावा ना. तुमचा तास हाय."

"गड्या, असं चालू असताना कोण मधे जाईल? पुन्हा बघायला मिळंल का?"

साऱ्या व्हरांड्यात बोलण्याचा नुसता बाजार भरला आणि सबंध साताऱ्यात गप्प अशी एकच बाई, ती आत बसलेली. वहिनींना कुजबुज ऐकू येत होती. तीन वाजून गेल्याचं कळत होतं. चारही वाजत आले; चारच्या तासाचा माणूसही व्हरांड्यातच रमला होता. पण शेजारी कुणी गुडघे टेकेना, आणि प्रभूला एकटं टाकून उठवेना. हाक मारावी तर नवस.

तिकडं घरी पाहुणे पोचले. रेश्मानं पोहे पुढं केले. साईराज खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे मोजावेत तसा बघत बसला. राहीबाई पदर सावरून म्हणाल्या, "आन् आई कुठं हाय पोरीची?"

"येतेय," नाथाजी म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषणच झालं. मग त्यांनी शेजारच्या पीरमहंमदला पाठवलं. पीरमहंमदची रिक्षा म्हणजे गल्लीची घरचीच गाडी. तो चर्चपर्यंत गेला, दारातली गर्दी सारून आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "वयनी, आवं, पावनं आलं."

वहिनींनी मागं न बघता एक हात वर केला आणि परत मांडीवर ठेवला.

पीरमहंमद तसाच रिक्षा पळवत घरी आला. "नाथाभाऊ, वयनी बोलत न्हाईत."

"म्हंजे?"

"म्हंजे बोलतच न्हाईत. हात केला निस्ता."

नाथाजी खुर्चीतून उठले. चेहरा उतरला. "आजारी हाय का काय?"

राहीबाईंनी हे सगळं ऐकलं. साताऱ्याला निघताना त्यांनी मनाशी पंचवीस प्रश्न आणि एक नकार घेऊन ठेवला होता. बोलणारी विहीण त्यांनी ऐकली होती. न बोलणारी बघायला त्यांना फार उत्सुकता वाटली. "चल बाबा," त्या पीरमहंमदला म्हणाल्या, "मला तिकडंच सोड. मीच बघते काय हाय ते."

चर्चच्या दारात आल्यावर गर्दीनं आपोआप वाट दिली. राहीबाईंनी गुडघा टेकला, पुढं जाऊन वहिनींच्या शेजारी बसल्या. वहिनींनी त्यांना ओळखलं. पलूसची ही ठसठशीत बाई, नाकात चमकी, दुसरी कोण असणार? वहिनींनी हात जोडले, मान लववली आणि पुन्हा पुढं बघितलं.

राहीबाई पक्क्या. त्यांना वाटलं, नाटक आहे. दोनच मिनिटांत उघडं पाडते. येताना रिक्षात पीरमहंमदकडून कळलेलं वापरत त्या पुढं बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "त्या सुभेदाराची सून म्हणं माहेरी जाऊन बसलीया. खरं हाय का ओ?"

काय हा घाव! सुभेदारांच्या सुनेची इत्थंभूत हकीकत, कारणासकट, तारखेसकट, वहिनींच्या जिभेच्या टोकावर. सुभेदार दारात उभे. आजवरच्या सगळ्या चहाचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द आला नाही.

राहीबाईंनी दुसरा टाकला. "आमच्या साईराजची आधी एक सोयरीक मोडली. तुमाला कुणी सांगितलं असंलच."

सांगितलं होतं. मोडली त्या आठवड्यातच. वहिनी गप्प.

"जाऊबाई माझ्या सोन्याच्या पाटल्या मिरवतात. बेंटेक्सच्या हाईत."

हे मात्र वहिनींना ठाऊक नव्हतं! त्यांचा एक कान राहीबाईंकडं सरकलेला दारातल्यांनीही पाहिला. पण तोंड मिटलेलंच.

आता एक गंमत असते. बोलणाऱ्यासमोर बोलायला जोर लागतो. गप्प माणसासमोर मात्र बोलणं आपोआप घरंगळत जातं, उतारावरच्या बैलगाडीसारखं. राहीबाईंनी गाडी सोडली होती समोरच्याला चिरडायला, पण ती थांबेना. जावेच्या पाटल्यांवरून भावाच्या द्राक्षबागेवर आल्या, बागेवरून आईविना वाढवलेल्या साईराजवर, त्याच्या तापावर, त्याच्या पहिल्या पगाराच्या साडीवर. साडीवरून स्वतःवर आल्या. आवाज खाली खाली गेला. मग त्या असं काही बोलल्या, की जे त्यांनी भावाला सांगितलं नव्हतं, साईराजला नाही, आणि फादरांच्या कानातही घातलं नव्हतं. बोलता बोलता चमकीवरून पाणी ओघळलं.

व्हरांड्यातली सगळी मंडळी एकमेकांवर रेलून ऐकत होती. पंख्याच्या घरघरीत एक अक्षर कुणाला मिळालं असेल तर शपथ.

वहिनींनी दातातला पदर सोडला. राहीबाईंचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. नजर वेदीवर. दोघी बायका बसून राहिल्या, आणि समोर ती भाकर, तिनंही सगळं ऐकलेलं.

पाचला फादर परतले. दारातली गर्दी पाहून आधी त्यांना वाटलं, कुणी वारलं. मग त्यांना कळलं, की तीनचा माणूस अजून दारातच आहे. "उदयसिंहजी, आपण कर्तव्यावर रुजू झाला नाहीत?"

"फादर, मी हितंच होतो की. दारात."

"दारातली आराधना मी प्रथमच ऐकतो आहे."

धूप झाला, गाणं झालं. फादरांनी खांद्यावर लांब वस्त्र घेऊन ते सूर्यासारखं पात्र उचललं, सगळ्यांवरून फिरवून आशीर्वाद दिला आणि मग भाकर आत ठेवून कपाट लावलं. नवस सुटला.

बाहेर अंगणात सगळे वहिनींभोवती गोळा झाले. चहा नव्हता, कारण चहावाली बाई आत होती. पण त्या दिवशी कुणाला चहाची आठवणच नव्हती. रेश्मा आणि साईराज नाथाजींबरोबर पोचले होते. रेश्माचं सगळं लक्ष आईच्या तोंडाकडं. आणि राहीबाई! बाहेरच्या उजेडात आल्याबरोबर त्यांना कळून चुकलं होतं, की आपण काय, कुठं आणि कुणाजवळ बोललो. साऱ्या जिल्ह्यात शोधून शोधून हीच बाई सापडली आपल्याला! नुसती पांढरीफटक झाली बाई. आता ही तोंड उघडणार, आणि मुक्कामाची एसटी पलूसला पोचायच्या आत आपली गोष्ट तिथं पोचलेली असणार.

सुभेदारांना राहवेना. "काय वहिनी? एवढा वेळ काय सांगत होत्या पावण्या? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

सगळं अंगण थांबलं. पीरमहंमदनं रिक्षा बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

वहिनींनी तोंड उघडलं. तीन तासांनी पहिल्यांदा. घसा जरा खाकरून घेतला.

"ब्लाउजचं म्हणत होत्या," वहिनी म्हणाल्या. "पलूसचा शिंपी काखेत लय घट्ट शिवतो. डोळ्यांत पाणी येणारच की, सुभेदारसाहेब. तुमी कधी घातलंय का?"

अंगणात हशा फुटला. सगळ्यात मोठ्यानं पीरमहंमद हसला. सुभेदार मिशा चाचपत बाजूला झाले. त्यांच्या सुनेचा विषय वहिनींच्या जिभेवर अजून तसाच होता. त्यांनी तो गिळून टाकला.

राहीबाई हसल्या नाहीत. त्या वहिनींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मग पदरानं नाक पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "व्हय, लय घट्ट शिवतो मुडदा. लग्नातलं माझं ब्लाउज आता तुमीच शिवायचं, विहीणबाई."

साईराजनं पहिल्यांदा मान वर केली. रेश्मा आईच्या गळ्यात पडली, आणि आईनं बोलायला सुरुवात केली ती काय विचारता! पोहे कसे झाले, दडपे करायला हवे होते, वेदीच्या कापडाला हेम कुणी घातला, पंख्याला तेल कधीपासून नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. सातारा पुन्हा जागेवर आला.

पाहुण्यांना गाडीत बसवून वहिनी आणि नाथाजी पीरमहंमदच्या रिक्षातून घरी निघाले. वहिनींची सरबत्ती चालूच होती. लग्न कुठल्या महिन्यात, केक कुणाकडून, सुभेदारांना चहाच्या कामाला कसं जुंपायचं. नाथाजी बाहेर बघत होते. पोवई नाक्याशी रिक्षा अडली, तेव्हा ते एकाएकी वळले. संसार झाला इतकी वर्षं, पण बायकोला त्यांनी कधी कुणाबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

"ती राहीबाई," नाथाजी म्हणाले, "खरं काय बोलली गं?"

पुढं पीरमहंमदनं आरसा जरा तिरका केला.

वहिनी बोलता बोलता थांबल्या. हात मांडीवर घेतले, मान जराशी कलली, आणि त्या समोरच्या रस्त्याकडं बघत राहिल्या.

नाका सुटला, चढ आला, गल्ली आली, तरी उत्तर नाही. नाथाजींनी हळूच हात पुढं करून बायकोच्या कपाळाला लावून पाहिला.

"तब्येत बरी हाय न्हवं?" ते म्हणाले.